समलिंगी जीवनावरील चित्रपटांची सूची : वाचावी कशी, करावी कशी

ज्या जिल्ह्यात तीन-तीन पिढ्यांनी कसलेली जमीन केवळ दप्तरी नोंद नाही म्हणून कसणाऱ्याच्या नावावर चढत नाही, आणि जेथे सातपुड्यातील कित्येक वनगावांना महसुली गावाचा दर्जा मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही कैक दशके खोळंबून राहावे लागले, त्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांना नोंदीचे महत्त्व मी नव्याने सांगावयास नको. वनहक्काचा दावा घेऊन तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हे पुरते ठाऊक असते, की जमीन डोळ्यांपुढे आहे, तिच्यात आपला घाम मुरलेला आहे, पण साहेबांनी कागद मागितला की आपले हात रिकामे. समलिंगी स्त्रीपुरुषांच्या जीवनावरील चित्रपटांची गत याहून फारशी निराळी नाही. असे चित्रपट आपल्या देशात निघाले, मराठीतही निघाले, त्यांतील काहींचा देशोदेशी सन्मान झाला. परंतु शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या वाचकाच्या हाती सहज लागेल अशी त्यांची एकत्रित नोंद मराठीत नसल्यामुळे, ते जणू निघालेच नाहीत अशी समजूत करून घेऊन आपण चाललो आहोत. ग्रंथपाल, महाविद्यालयांतील शिक्षक, चित्रपट मंडळ चालवू पाहणारे तरुण, आपल्या मुलाला किंवा मुलीला समजून घेऊ इच्छिणारे आईबाप, आणि ज्यांना हा विषय स्वतःसाठीच हवा आहे असे वाचक, या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसत असे. मिरचीच्या हंगामाचे दिवस होते, पथारींवर पसरलेल्या मिरचीचा ठसका वाऱ्याबरोबर वाचनकक्षापर्यंत येत होता, आणि एक विशी-बाविशीचा तरुण लागोपाठ तीन दिवस येऊन चित्रपटांचा एकच इंग्रजी कोश काढून उभ्याउभ्याच चाळीत होता. त्याला बसलेले मी कधी पाहिले नाही. तो पुस्तक पुढून उघडीत नसे. शेवटची शब्दसूची काढून तिच्यावरून बोट फिरवी. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “सर, यात विषयावरून शोधता येतं का?” मी सवयीने विचारले, “कोणता विषय?” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, “असंच,” एवढेच म्हटले, पुस्तक जेथून काढले होते नेमके तेथे परत ठेवले, आणि तो गेला. पुन्हा तो आला नाही. माझी चूक मला उमगावयास बराच काळ लागला. त्याला उत्तर हवे होते ते माणसाकडून नव्हे, कपाटाकडून. आणि कपाटाने ते द्यावे अशी व्यवस्था मी केलेली नव्हती.

म्हणून पहिली सूचना ग्रंथपालांना. संदर्भग्रंथ घरी नेता येत नाही ही वाचकाची नेहमीची तक्रार असते; पण या विषयापुरता तोच त्याचा मोठा गुण आहे, कारण जे पुस्तक घरी जात नाही ते देवघेवीच्या वहीत कोणाच्याही नावावर चढत नाही. लहान गावात ग्रंथालयाची वही सर्वांना दिसते. कोणी काय नेले हे संध्याकाळपर्यंत गल्लीत पोहोचू शकते. तेव्हा या विषयावरील पुस्तके, मग ती एक असोत की चार, संदर्भ विभागात मुक्त कपाटावर ठेवावीत, कुलपात ठेवू नयेत. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात चित्रपटांची पुस्तके ७९१.४३ या क्रमांकाखाली, तर समलिंगी जीवनाविषयीची समाजशास्त्रीय पुस्तके ३०६.७६ या क्रमांकाखाली जातात. हे दोन्ही क्रमांक सूचीच्या कपाटावर डकवलेल्या विषयतक्त्यात इतर विषयांच्या ओळीत, तशाच अक्षरांत लिहून ठेवले, की कोणाला काही विचारावे लागत नाही. ग्रंथालयाकडे पुस्तक नसेल तर मागणी नोंदवहीत त्याचे नाव घालावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला वाचकांच्या मागणीप्रमाणे पुस्तके घेण्यास या विषयाची म्हणून काही आडकाठी नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढल्यावर, असे पुस्तक ठेवण्यात काही बेकायदा आहे की काय ही धास्तीही उरू नये.

आता ही पुस्तके कोणती, आणि ती वाचावीत कशी. पार्कर टायलर यांचे ‘स्क्रीनिंग द सेक्सेस’ १९७२ साली निघाले, पाच वर्षांनी रिचर्ड डायर यांनी संपादिलेले ‘गेज अँड फिल्म’ आले; परंतु सामान्य वाचकाच्या मनात या विषयाने घर केले ते व्हिटो रुसो यांच्या ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ या १९८१ च्या ग्रंथामुळे, ज्याची वाढविलेली आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि ज्याच्यावरून १९९५ साली रॉब एपस्टीन व जेफ्री फ्रीडमन यांनी माहितीपट काढला. रुसो यांचे सांगणे असे, की अमेरिकी चित्रपटाने समलिंगी माणसाला आधी हसण्याचा विषय केले, मग खलनायक केले, आणि बहुधा शेवटी मारून टाकले. हे सांगणे त्यांनी नुसत्या शब्दांवर सोडले नाही. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी एक मृत्युसूची जोडली, जिच्यात चित्रपटाचे नाव, पात्र आणि त्या पात्राच्या मरणाचा प्रकार, आत्महत्या, खून, अपघात, असे ओळीने मांडले आहे. या सूचीची पाने मला त्या ग्रंथातील सर्वांत उपयुक्त वाटतात. कोरड्या रकान्यांत मांडलेली ती नावे वाचीत गेल्यावर, ‘आपल्यासारख्याचा शेवट असाच व्हावयाचा’ ही समजूत एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात पडद्यावरून किती वेळा उतरली असेल, याचा हिशेब वाचकाला आपोआप लागतो.

याच्यानंतरचे ग्रंथ खऱ्या अर्थाने कोश आहेत. अँड्रिया वाइस यांनी १९९२ साली ‘व्हँपायर्स अँड व्हायोलेट्स’मध्ये स्त्रियांच्या परस्परप्रेमाचे चित्रपट स्वतंत्रपणे घेतले, आणि ते बरे केले, कारण त्याआधीच्या ग्रंथांत स्त्रियांच्या वाट्याला थोडी पाने येत. रेमंड मरे यांचे ‘इमेजेस इन द डार्क’ १९९४ चे, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या समलिंगी चित्रपट महोत्सवाशी संबंधित असलेल्या जेनी ओल्सन यांचे ‘द अल्टिमेट गाइड टू लेस्बियन अँड गे फिल्म अँड व्हिडिओ’ १९९६ चे. हे दोन्ही जाड ग्रंथ हाती आले, तर वाचकाने प्रथम मुखपृष्ठ न पाहता त्याच्या मागचे पान उघडून छपाईचे वर्ष पाहावे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ १९९६ साली परदेशांतील महोत्सवांत दाखविला गेला आणि भारतात प्रदर्शित झाला तो नोव्हेंबर १९९८ मध्ये. म्हणजे इंग्रजीतील हे मोठे कोश छापून बाहेर पडत होते, तेव्हा आपल्याकडे या विषयावरील चित्रपटांची उघड चर्चा अद्याप सुरूही व्हावयाची होती. त्या कोशांत भारत शोधून सापडला नाही, तर भारतात असे काही नव्हते असा निष्कर्ष काढू नये. माझ्या टेबलाशी आलेला तो तरुण बोट फिरवीत होता ते बहुधा अशाच एखाद्या रिकाम्या जागेवरून.

‘फायर’चे उदाहरण क्षणभर थांबून पाहण्याजोगे आहे, कारण आपला जिल्हा आणि तो चित्रपट एकाच वर्षातले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यानंतर चार महिन्यांनी ‘फायर’ प्रदर्शित झाला, आणि डिसेंबरच्या आरंभी मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. परिनिरीक्षण मंडळाने एकदा दाखला दिलेला हा चित्रपट पुन्हा त्याच मंडळाकडे पाठविण्यात आला आणि पुढील वर्षी काटछाटीवाचून पुन्हा झळकला. हिंदी आवृत्तीत एका नायिकेचे ‘सीता’ हे नाव बदलून ‘नीता’ करावे लागले होते. कोशातील नोंद वाचताना अशा गोष्टी तेथे आहेत की नाहीत हे पाहावे, कारण चित्रपटाची कथा कोणीही सांगू शकतो, पण तो कोणत्या रूपात, किती अडथळे ओलांडून लोकांपर्यंत पोहोचला, हे सांगणे हे संदर्भग्रंथाचेच काम आहे.

नोंद नसणे म्हणजे वस्तू नसणे नव्हे, याचा याहून ठळक दाखला ‘बदनाम बस्ती’चा. कमलेश्वर यांच्या कादंबरीवरून प्रेम कपूर यांनी हा हिंदी चित्रपट १९७१ साली काढला. दोन पुरुष आणि एक स्त्री यांच्यातील संबंधांची ही कथा, आणि त्यात पुरुषाचे पुरुषावरील प्रेम आहे. पुढे चित्रपट दिसेनासा झाला, प्रत नष्ट झाली असे धरून चालण्यात आले, आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, २०१९ साली, बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेच्या संग्रहात त्याची ३५ मिलिमीटरची प्रत सापडली. या एका शोधामुळे भारतीय समलिंगी चित्रपटाचा आरंभ ‘फायर’पासून धरण्याचा शिरस्ता मोडला. २०१९ पूर्वी लिहिलेली कोणतीही भारतीय सूची हाती आली, तर तीत ‘बदनाम बस्ती’ आहे का, असल्यास कोणत्या शब्दांत, हे पाहावे. सूचीकाराने किती खोल खणले होते, हे तेवढ्यावरून कळते.

कोश वाचताना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. अमेरिकेत १९३० साली तयार झालेल्या आणि १९३४ पासून कडकपणे अंमलात आलेल्या हेज संहितेने हा विषय पडद्यावर उघडपणे आणण्यास मनाई केली होती, त्यामुळे तेथील दिग्दर्शकांनी तो नजरेतून, पोशाखातून, अर्धवट सोडलेल्या वाक्यातून सुचविला. आणि म्हणून इंग्रजी कोशकारांना ओळींच्या मधले वाचण्याची सवय लागली. ती सवय आपल्याकडे आणताना जपून आणावी. ‘दोस्ती’ (१९६४) असो की ‘शोले’ (१९७५), दोन मित्रांची गाढ माया दिसली की तिची या सूचीत नोंद करून टाकणारे लेखक आहेत. मला ते मान्य नाही. आपल्या समाजात पुरुषाच्या गळ्यात पुरुषाचा हात हे रस्त्यावरचे रोजचे दृश्य आहे. मैत्रीला मैत्रीच राहू द्यावे, म्हणजे प्रेमाला प्रेम म्हणता येईल. उलट बाजूने, पुरुषाने लुगडे नेसले की तो चित्रपट ‘त्यातलाच’ असे मानणाराही आपल्याकडे मोठा वर्ग आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घराघरांत पाहिली जाते; तीत आहे ते भाड्याच्या खोलीसाठी घेतलेले सोंग. ‘नटरंग’मधला गुणा तमाशासाठी नाच्या होतो आणि समाज त्याच्या पुरुषपणाची विटंबना करतो, ‘जोगवा’मधल्या तायप्पाला जोगत्या करून साडी नेसविली जाते, पण त्याचे प्रेम सुलीवर आहे. या चित्रपटांना सूचीतून वगळावे असे मात्र मी म्हणत नाही. बायकी वागणाऱ्या पुरुषाची हेटाळणी कशी चालते, हे दाखविणारे ‘नटरंग’सारखे दुसरे साधन मराठीत मला माहीत नाही. त्यांची नोंद ‘संबंधित विषय’ या सदराखाली, कारण देऊन करावी, आणि तृतीयपंथी व समलिंगी हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याचा बाजारातील घोटाळा निदान सूचीत तरी होऊ देऊ नये.

इतके झाल्यावर मी वाचकांना जे खरोखर करावयास सांगणार आहे ते असे, की अशी सूची आपल्या ग्रंथालयात, महाविद्यालयात किंवा घरच्या टेबलावर, एका वहीत, आपणच करावी. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. सातबाऱ्याचा उतारा वाचता येणाऱ्याला रकाने आखता येतात. शीर्षक, वर्ष, दिग्दर्शक, भाषा आणि दाखला (‘यू’, ‘यूए’ की ‘ए’, नव्या नियमांप्रमाणे ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे पोटविभाग झाले आहेत) हे रकाने नेहमीचे. त्यांच्यापुढे आणखी चार असावेत: संबंध कथेच्या मध्यभागी आहे की कडेला; तो कोणत्या नजरेने दाखविला आहे; पात्राचा शेवट काय होतो; आणि मराठीशी किंवा आपल्या भागाशी काही नाते आहे काय. शेवटाचा रकाना मी रुसो यांच्याकडून घेतला आहे. कथा आधी फुटते म्हणून कोणी हरकत घेईल. पण जो मुलगा किंवा जी मुलगी आधीच खचलेली आहे, त्याच्या वा तिच्या हाती आत्महत्येने संपणारा चित्रपट अजाणता पडू नये, एवढ्यासाठी रसभंगाची किंमत मी आनंदाने देईन.

एखादी नोंद प्रत्यक्ष करून दाखवितो. ‘उंबरठा’, १९८२, दिग्दर्शक जब्बार पटेल, मराठी; शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकर यांची, हिंदीत ‘सुबह’. संबंध: कडेला; स्मिता पाटील यांनी रंगविलेली सुलभा महाजन ज्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते, तेथील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग, आणि त्यावरून आश्रमात उठलेला गदारोळ. नजर: त्या दोघी कथेला अडचण म्हणून येतात, त्यांना स्वतःची गोष्ट नाही, तरीही १९८२ साली मराठी पडद्यावर हे घडले, ही नोंद ठळक अक्षरांत करावी. आणि शेजारी बारीक अक्षरांत हेही लिहावे, की तेंडुलकरांचेच ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक त्याच्या आदल्या वर्षी रंगभूमीवर आले होते आणि त्यात मित्रा या समलिंगी मुलीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. तेथे त्या मुलीला तिची स्वतःची गोष्ट मिळाली होती.

अशाच रीतीने अमोल पालेकर यांचा ‘थांग’ (२००६) घ्यावा, ज्यात नवऱ्याचा पुरुषाशी असलेला संबंध बायकोला कळतो आणि कथा प्रामुख्याने तिच्या बाजूने चालते. लग्न लावून दिले की ‘सगळे ठीक होईल’ असे मानणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांनी पाहण्याजोगा हा चित्रपट आहे, कारण त्या ‘ठीक’चा भार कोणावर पडतो ते त्यात दिसते. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी २००६ ची, आणि त्यांनीच तिच्यावरून केलेला चित्रपट २०२२ चा. घरात भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते. कादंबरी मराठीत असल्याने ती ग्रंथालयात ठेवणे चित्रपट मिळविण्यापेक्षा सोपे. हिंदीतील ‘माय ब्रदर निखिल’ (२००५), ‘बधाई दो’ (२०२२), मल्याळममधील ‘काथल’ (२०२३) यांच्या नोंदी दोन-दोन ओळींत भागतात. ‘मस्त कलंदर’ (१९९१) मधला पिंकू किंवा ‘कल हो ना हो’ (२००३) मधील कांताबेनचे प्रसंग यांचीही नोंद करावी, ‘हसण्यासाठी’ असा शेरा मारून. कारण आपल्या जिल्ह्यातील बहुतेकांनी हा विषय पडद्यावर पाहिला तो असल्याच प्रसंगांतून, आणि वर्गात चेष्टेसाठी उच्चारले जाणारे शब्द तेथूनच आलेले आहेत.

‘अलीगढ’ची (२०१६ साली प्रदर्शित, दिग्दर्शक हंसल मेहता) नोंद मात्र सविस्तर करावी. चित्रपट हिंदी, पण ज्यांच्यावर तो आहे ते प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे अध्यापक आणि मराठी कवी होते, नागपूरकडचे. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरे घेऊन माणसे घुसली, अलीगढच्या विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, आणि ७ एप्रिलला ते मृतावस्थेत आढळले. मनोज वाजपेयी यांनी रंगविलेला, रात्री एकट्याने लताबाईंचे जुने गाणे ऐकत बसलेला तो मध्यमवयीन मराठी मास्तर आपल्यापैकी कोणाच्याही कॉलेजातला असू शकतो. या नोंदीत शेवटाचा रकाना अवश्य भरावा. पण न्यायालयात ते जिंकले होते, हेही त्याच रकान्यात लिहावे.

आणि मग रोहन परशुराम कानवडे यांचे दोन चित्रपट, ज्यांच्यासाठी वहीचे एक अख्खे पान राखावे असे माझे मत आहे. ‘यू फॉर उषा’ (२०१९) हा त्यांचा लघुपट: शेतमजुरी करणारी, निरक्षर, एकटीने मुले वाढविणारी उषा शाळेतील बाईंकडे ओढली जाते, आणि ती ओढ आणि अक्षरांची ओढ एकमेकींत मिसळत जातात. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण, सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी निघाले, त्या जिल्ह्यात ही कथा लांबची वाटण्याचे कारण नाही. ‘साबर बोंडं’ हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी गावी येतो, पै-पाहुणे लग्नाचा विषय काढीत राहतात, आईला मात्र त्याचे सारे ठाऊक आहे, आणि बालपणीचा सोबती बाळ्या त्याला भेटतो. शीर्षकातील साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची ती लाल फळे, जी आपण लहानपणी बांधावरून काढून, बोटांत रुतणारी बारीक कुसे जमिनीवर घासून काढून, हात आणि ओठ तांबडे करून खाल्लेली आहेत. येथे प्रेमापायी कोणाला मरावे लागत नाही आणि कोणाला गाव सोडून पळावे लागत नाही. समलिंगी प्रेम ही मुंबई-पुण्याची, इंग्रजी बोलणाऱ्यांची गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याला या नोंदीपुढे वेगळे उत्तर देण्याची गरज पडू नये.

साक्षरतेचा उल्लेख आलाच आहे, तर सूचीच्या भाषेविषयीही सांगून ठेवतो. अक्राणी, अक्कलकुव्यात मराठी ही अनेकांची शाळेत शिकलेली भाषा आहे. घरी भिली, पावरी, मावची, खालच्या पट्ट्यात अहिराणी, गुजर बोली. तेव्हा नोंदीची वाक्ये लहान आणि मोठ्याने वाचून दाखविता येतील अशी असावीत, आणि समलिंगी, गे, लेस्बियन हे तिन्ही शब्द विषयसूचीत घालावेत, कारण शोधणारा कोणता शब्द मनात धरून येईल ते सांगता येत नाही. चित्रपट कोठे पाहावयास मिळेल हा रकाना पेन्सिलीने भरावा आणि पुढे तारीख घालावी. आज एका ऑनलाइन मंचावर असलेला चित्रपट सहा महिन्यांनी तेथे असेलच असे नाही. नव्या चित्रपटांसाठी मुंबईत २०१० पासून भरणाऱ्या ‘कशिश’ महोत्सवाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिका मिळवाव्यात, त्या म्हणजे दर वर्षीची ताजी सूचीच होय; आणि जुन्या चित्रपटांविषयी शंका उरल्यास पुण्याच्या १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयाचे दार ठोठावावे. घरातला फोन एकच आणि तो सर्वांच्या हातात फिरणारा असेल, तर त्यावर शोध घेण्यापेक्षा वाचनकक्षातील वही उघडणे अधिक निर्धोक, हेही तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महाविद्यालयात चित्रपट दाखवावयाचा झाल्यास प्राचार्यांच्या मनात परवानगीचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. लेखाधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे, की शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, केवळ तेथील शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरताच चित्रपट दाखविल्यास त्याने लेखाधिकाराचा भंग होत नाही. बाहेरचे प्रेक्षक बोलवावयाचे असतील, तिकीट लावावयाचे असेल, तर निर्मात्याची लेखी अनुमती घ्यावी. आणि ‘ए’ दाखल्याचा चित्रपट अठरा वर्षांखालील मुलांना कोणत्याही सबबीखाली दाखवू नये. चित्रपटानंतर चर्चा ठेवावी, पण ‘तुमच्यापैकी कोणी असे आहे का’ हा प्रश्न त्या खोलीत कोणीही विचारणार नाही याची खातरजमा सूत्रसंचालकाने आधीच करून घ्यावी. मी ग्रंथालयात ‘कोणता विषय?’ असे विचारले होते, त्याच जातीचा तो प्रश्न आहे.

शंभर पानी वही या कामाला पुरे. पहिल्या पानावर रकान्यांचा खुलासा, दुसऱ्यापासून नोंदी, मागे विषयसूची. ती मुक्त कपाटावर, चित्रपटांच्या इतर पुस्तकांशेजारी ठेवावी, कोणीही उभ्याउभ्या उघडून पाहील अशा उंचीवर. ग्रंथालयाच्या इतर वह्यांत असतो तसा एक रकाना मात्र हिच्यात आखू नये, तो वाचणाऱ्याच्या नावाचा.